दाजींचा उष्णतेशी उभा दावा

आमच्या दाजींइतका उष्णतेचा दुस्वास करणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन गावांच्या दरम्यान दुसरा झाला नाही, आणि पुढंही होईल असं मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माहेर आमचं साताऱ्याचं, ताईला दिली सांगलीला, आणि दाजी नोकरीला माधवनगरच्या एका कापडगिरणीत, विजेच्या खात्यात. उन्हाळ्याचा वैताग कुणालाही येतो, पण दाजींचा राग तसला नव्हता. चुलीची ऊब चुलीपाशी शोभते, अंगाची अंगात शोभते, यंत्राला मात्र ऊब येता कामा नये, असं त्यांचं ठाम मत होतं. "यंत्र तापलं म्हणतात लोक. तापलं कसलं? गळतंय ते," असं ते म्हणायचे. कामासाठी दिलेली शक्ती काम न करता पळून निघाली की तिला उष्णता म्हणतात, ही त्यांची व्याख्या. त्यामुळे दिसेल त्या वस्तूला उलटा हात लावून बघायची त्यांना खोड होती. टांग्यातून उतरले की आसाला हात, सर्व्हिस मोटार थांबली की तिच्या नाकाडाला हात, तंबूतल्या सिनेमाला गेले की पडद्याकडे पाठ आणि यंत्रवाल्याच्या पेटाऱ्याला हात. एका टांगेवाल्याला त्यांनी भर स्टेशनाबाहेर उभं करून, आस तापतो म्हणजे घोड्याची किती चंदी फुकट जाते, हे इतकं खोलात जाऊन समजावलं की तो बिचारा शेवटी हात जोडून म्हणाला, "सायेब, भाडं ऱ्हाऊ द्या, पन मला जाऊ द्या." ताईला बघायला आले तेव्हाही तेच. मुलीला काय विचारायचं ते विचारा, असं वडील म्हणाले. दाजी उठले, कोनाड्यातल्या कंदिलाच्या काचेला त्यांनी उलटा हात लावला आणि काजळी कोण पुसतं एवढंच विचारलं. ताईनं मान खाली घालून "मी, रोज" म्हटलं. आठ दिवसांनी पसंतीचं पत्र आलं. आमच्या घरात कुणालाच त्याचा उलगडा झाला नाही, पण हुंडा मागितला नाही म्हणून कुणी खोलात शिरलं नाही.

मी त्या वेळी साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि सुट्टी लागली की सांगली गाठत होते. दाजी मला 'मास्तरीणबाई' म्हणत, आणि मेहुणीची थट्टा करायची सोडून तिला शिकवायला बसत. त्यांच्या पुढच्या खोलीत पितळी कड्यांचा झोपाळा होता. त्या झोपाळ्यावर बसवून त्यांनी मला त्यांच्या आवडत्या विषयाचं सगळं शास्त्र सांगितलं, तेही मी न विचारता. बिनतारी यंत्रात लाटा जोरकस करून आकाशात सोडणारा शेवटचा जो भाग असतो, तो निम्मी शक्ती नुसती तापण्यात घालवतो, हे त्यांचं जन्माचं दुखणं होतं. त्यातला काचेच्या दिव्यासारखा व्हॉल्व्ह वेड्यासारखा सतत रेटत राहतो, म्हणून तो तापतो, असं त्यांचं म्हणणं. "झोपाळ्याला आपण सतत रेटतो का? झोका मागं येऊन थांबला की त्या घटकेला एक बोट लावायचं. बाकीचा झोका तो आपला आपण घेतो. व्हॉल्व्हनंही तेवढंच करावं. घटकाभर टोचावं आणि उरलेला वेळ झोपावं. फक्त झोपाळ्याची लय आणि बोटाची लय एक हवी." ही लय ठरते तारेच्या वेटोळ्यानं आणि त्याला जोडलेल्या अभ्रकाच्या पापुद्र्यांनी. वेटोळ्याशेजारी दुसरं वेटोळं ठेवलं की पहिल्यातली शक्ती दुसऱ्यात उतरते आणि तिथून आकाशातल्या तारेवर चढते. मध्ये काही जोडलेलं नसतं. हा त्यांचा ट्रान्सफॉर्मर. वेटोळी फार जवळ आणली तर पहिलं दमून बसतं, फार लांब ठेवली तर दुसऱ्याला पत्ताच लागत नाही. सासर आणि माहेर यांच्यात नेमकं तेवढंच अंतर असावं, आणि सांगली ते सातारा हे ते अंतर, असंही त्यांनी एकदा गणितानं सिद्ध केलं. ताईनं आतून विचारलं की मग माझ्या आईच्या पत्राला उत्तर टाकायला तुम्हाला दोन महिने का लागतात. त्यावर गणित तिथंच थांबलं.

लढाईच्या आधी दाजींकडे हौशी माणसांना मिळतो तसा बिनतारी यंत्राचा परवाना होता. लढाई पेटली तसं सरकारनं परवाने काढून घेतले आणि यंत्रं जमा करायला लावली. दाजींनी मुकाट्यानं यंत्र नेऊन दिलं. त्यातला नखाएवढा एक स्फटिक तेवढा तपकिरीच्या डबीत मागं राहिला. यंत्राचा सूर हा स्फटिक धरतो, आणि बाकी सगळ्यांनी त्याच्या सुरात सूर मिळवायचा असतो. पुढं बेचाळीस साल उजाडलं, आमच्या जिल्ह्यातली पोरं भूमिगत झाली, आणि मीही त्या वाऱ्याला लागले. माझं काम साधं होतं. चिठ्ठ्या इकडून तिकडं न्यायच्या. मास्तरीणबाईच्या पिशवीत तपासायच्या वह्यांखाली सहसा कुणी हात घालत नाही. वर्षभरानं मंडळींनी विचारलं की डोंगरापलीकडं निरोप पोचेल असं बिनतारी यंत्र करून देणारं कुणी माहितीत आहे का. मी दाजींपुढं बसले, देश, स्वातंत्र्य, त्याग यांवर चांगलं मोठं भाषण तयार करून बसले. दाजींनी पहिल्या वाक्यालाच विचारलं, वीज कुठली. मी म्हटलं, डोंगरात वीज कुठली असणार, एक जुनी मोटारीची बॅटरी तेवढी आणून देता येईल. त्यांचा चेहरा असा उजळला की माझं भाषण तिथंच वाया गेलं. "म्हणजे गळती अजिबात परवडणार नाही," ते म्हणाले, आणि उठून पेन्सिल शोधायला लागले.

यंत्र तयार झालं ताईच्या स्वयंपाकघरात, कारण घरातल्या तेवढ्याच एका खोलीला रस्त्याकडची खिडकी नव्हती. वेटोळं गुंडाळायला दाजींनी मिरजेहून तंबोऱ्याच्या कारागिराकडचा एक लहान वाळका भोपळा आणला. अभ्रक गिरणीतल्या जळक्या इस्त्रीतून निघाला, आणि स्फटिक तपकिरीच्या डबीतून. कुणाची नजर पडू नये म्हणून सगळा संसार मांडणीच्या खालच्या फळीवर, पितळेच्या दोन घागरींच्या मधोमध बसवला. तिथंच पुढं दोरीचं आसन टाकून दाजी आठवडाभर अभ्रकाचे पापुद्रे कात्रीनं कातरत होते. लय जुळली की बॅटरीकडून येणारा प्रवाह दाखवणारा काटा खाली बसे आणि वेटोळ्याजवळ धरलेला विजेरीचा इवलासा दिवा पेटे. लय चुकली की काटा वर आणि व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लाल. ताईला पाण्याला जायची चोरी झाली होती. एकदा ती न राहवून घागर उचलायला गेली आणि म्हणाली, "अहो, मी घागर हलवली की तुमचा काटा उडतो." दाजींनी वर न बघता सांगितलं की घागरीचा आणि काट्याचा काही संबंध नाही, आणि तिनं ती जागची हलवू नये. शेवटी एका दुपारी काटा तळाला जाऊन बसला. दाजींनी व्हॉल्व्हच्या काचेला उलटा हात लावला. तो इतका वेळ तिथं ठेवला की मला वाटलं चिकटला. मग अभ्रकावर मेण ओतून त्यांनी तो कायमचा बंद केला. एक केसभरही आता हलायला नको, असं म्हणाले.

त्याच संध्याकाळी संस्थानचे फौजदार दारात उभे. आपला बिघडलेला रेडिओ शिपायाच्या डोक्यावर देऊन ते स्वतः आले होते. झोपाळ्यावर ऐसपैस बसले, चहा घेतला आणि सहज म्हणून विचारलं की हे वाडीवस्तीवर कुणीकुणी चोरून यंत्रं करतात म्हणे, ते कसं काय जमतं बुवा. हातातलं ताट मी खाली ठेवलं. दुसरा कुणी असता तर मला काय ठाऊक म्हणून मोकळा झाला असता. आमचे दाजी खुर्ची पुढं ओढून बसले. त्यांना एखाद्यानं मनापासून प्रश्न विचारला की तो माणूस कोण, त्याच्या पट्ट्याला काय लटकलंय, हे त्यांना दिसेनासं होई. ते उठून झोपाळ्याच्या मागं गेले आणि फौजदारांना एका बोटानं झोके द्यायला लागले. "बघा, आता बोट लावलं. आता नाही. आता पुन्हा लावलं." फौजदार टोपी सांभाळत लहान मुलासारखे हसत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, आणि माझ्या पाठीमागं चार हातांवर यंत्र होतं. दाजी म्हणाले, "आमच्या इथं आतच बघा ना, मी परवा..." तेवढ्यात ताईनं आतून हातातलं पितळेचं पातेलं जमिनीवर टाकलं. असा आवाज झाला की झोपाळा थांबला. दूध सांडलं म्हणून ती मोठ्यानं हळहळली. घरात दूध नव्हतंच, पण फौजदारांना हळहळ पटली आणि ते उठले. ते गेल्यावर ताईनं पातेलं उचलून जागेवर ठेवलं. दाजी मात्र दूध सांडलं कसं, आपण तर आज घेतलंच नव्हतं, असं विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी यंत्र घरातून हलवायचं ठरलं. भोपळा आणि व्हॉल्व्ह माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत, आणि बॅटरी हळकुंडांच्या पोत्यात. मिरजेहून रेल्वेनं मसूर, तिथून बैलगाडी. मसूरला एका शिपायानं पोत्यावर काठी टेकवून आत काय आहे विचारलं. पोतं नको तितकं जड होतं. दाजी तोंड उघडणार हे मला दिसलं, आणि मी शिपायाला बाजूला घेऊन सांगितलं की आमच्या दाजींच्या डोक्यावर जरा परिणाम झालाय, त्यांना उंब्रजच्या वैद्याकडं उपचाराला नेतेय, हळकुंडांचं पोतं उराशी असल्याशिवाय ते गाडीत बसत नाहीत. शिपाई दाजींकडं बघत राहिला. दाजी त्या वेळी इंजिनच्या बाजूला वाकून उलटा हात लावायला जागा शोधत होते. "लय वंगाळ झालं गड्या," असं म्हणून त्यानं स्वतः पोत्याला हात दिला. मी आयुष्यात जी थोडी खोटी बोलले, त्यातलं हे सगळ्यात सोपं गेलं.

उंब्रजच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर दोन घरांची वस्ती होती. त्यातलं एक घर एका म्हाताऱ्या हवालदारांचं. पहिल्या लढाईत ते बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. त्यांचा थोरला मुलगा, म्हादू, पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेला, आणि धाकटा भूमिगत. एक सरकारच्या बाजूनं लढायला, एक सरकारच्या विरुद्ध. हवालदारांना यात काही वावगं वाटत नसे. दोघं बी आपापल्या जागी खरं हायत, असं ते म्हणत. त्यांची बायको, तिला सगळे आईच म्हणत, फार बोलत नसे. थोरल्याचं पत्र येऊन पाच महिने झाले होते. ती रोज खाली रस्त्यापर्यंत जाऊन टपालवाल्याला बघून येई. बेत असा होता की डोंगरापलीकडं, पाटणच्या अंगाला एका खेड्यात एक डॉक्टर होते, त्यांच्याकडं बॅटरीवरचा रेडिओ होता. ते रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला लढाईच्या बातम्यांच्या आधी दहा मिनिटं काटा आमच्या जागेवर आणून ठेवतील. त्यांना तसा सांगावा आधीच गेला होता. आम्ही दोन दिवस आरामात तार बांधू, कानोसा घेऊ, मग बोलू.

पण आम्ही पोचलो त्याच दिवशी दुपारी हवालदार उंब्रजच्या बाजारातून धापा टाकत परत आले. त्या रात्री भूमिगतांमधले सहाजण डोंगर उतरून नदीकाठच्या आमराईत जमणार होते, हे आम्हाला ठाऊक होतं. पोलिसांनाही ते कळलं होतं. दोन लॉऱ्या भरून शिपाई आमराईमागच्या उसात दडून बसले होते आणि वाटेवरचे नाके असे आवळले होते की माणूस सोडाच, जनावरही पुढं जाऊ देत नव्हते. हवालदारांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "सहातला एक आमचा धाकला हाय," ते म्हणाले. "दिवस बुडायला डाक्टरच्या घरनं निघत्याल. त्येच्या आत कळलं तर कळलं."

तेव्हा तीन वाजून गेले होते. दाजी लगेच उठले. तार आंब्यावरून वडावर नेली, यंत्र ओसरीवर मांडलं, बॅटरी जोडली. बॅटरीत किती जीव आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. यंत्र लयीत असेल तर वीस मिनिटं बोलता येईल, आणि नसेल तर पाच मिनिटांत सगळं तापून संपेल. साडेचारला त्यांनी बटण दाबलं. काटा उडाला तो वरच जाऊन बसला. व्हॉल्व्हच्या आतला पत्रा आधी तांबूस आणि मग जास्वंदीसारखा लाल झाला. दाजींनी झटकन बंद केलं. तारा तपासल्या, पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. त्यांचा हात काचेला लागला आणि चटका बसून मागं आला. मी आजवर त्यांना शेकडो गोष्टींना उलटा हात लावताना पाहिलं होतं, पण हात मागं घेताना पाहिलं नव्हतं. "सांगलीला बरोबर होतं," ते म्हणाले. "मेण लावून बंद केलं होतं. काही हललेलं नाही. मग लय गेली कुठं?" हे ते मला विचारत नव्हते. पावणेपाच झाले. मेण फोडून अभ्रक पुन्हा कातरायचा तर आठवडा हवा. हवालदार रस्त्याकडं तोंड करून बांधावर बसले होते, आणि आई दाराच्या चौकटीला धरून यंत्राकडं बघत होती.

मला राग आला. वर्षभर जीव मुठीत धरून मी चिठ्ठ्या नेल्या, आणि आता सहा जीव एका भोपळ्यावर अडले होते, म्हणून आला. मी म्हणाले की तुमचं शास्त्र ताईच्या स्वयंपाकघराबाहेर चालत नसेल तर ते काय चाटायचंय. म्हटलं आणि मलाच ऐकू आलं. ताईचं स्वयंपाकघर. ताईची मांडणी. मी दाजींना म्हटलं, ताई म्हणाली होती, घागर हलवली की काटा उडतो. दाजींनी भोपळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. त्यांनी कपाळावर हात मारला नाही, काही नाही. फार हळू आवाजात म्हणाले, "ती खरं सांगत होती. शेजारच्या पितळेनं वेटोळ्याची लय बदलते, आणि मी तिच्या घागरींसकट सूर लावला. मास्तरीणबाई, पितळ आणा."

आईला इतकंच कळलं की भांडी हवीत. तिनं दोन मडकी पुढं केली. दाजी नको म्हणाले, मातीचं चालणार नाही. तिच्याकडं पितळेची घागर एकच होती, लग्नातली. दुसरा होता तांब्याचा हंडा, चुलीवर, काठोकाठ भरलेला. विहीर खाली ओढ्यापाशी, चढाच्या वाटेवर. आईनं मागंपुढं न बघता हंडा उचलला आणि अंगणात पालथा केला. वाफेचे लोट उठले. दाजींनी भोपळ्याच्या एका बाजूला घागर ठेवली, दुसऱ्या बाजूला तो काजळी धरलेला हंडा, आणि यंत्र चालू केलं. घागर त्यांना बोटबोट सरकवायची होती, पण काट्यावरची नजर काढून चालणार नव्हतं. तेव्हा आई खाली बसली. "तुमी काटा बगा," ती म्हणाली. "घागर मी सरकिवती." देवापुढचा दिवा न विझवता सरकवावा तशी तिनं ती घागर सरकवली. काटा थरथरला, खाली आला, पुन्हा वर गेला. दाजी म्हणाले, थोडी मागं. तिनं मागं घेतली. विजेरीचा दिवा आधी लाल, मग पिवळा, मग पांढरा पेटला, आणि काटा तळाला बसला. पत्र्याची लाली विझली. दाजींनी काचेला उलटा हात लावला, आणि मला बोलायची खूण केली.

पाच वाजले होते. जुन्या टेलिफोनचं बोलायचं तोंड मी हातात घेतलं आणि ठरल्या शब्दांत वाचलं. आंब्याखालचं लग्न मोडलं आहे, वऱ्हाडानं घरीच राहावं. शाळेत शुद्धलेखन सांगते तसं एकेक शब्द तोडून, तीनदा वाचलं. माझ्या मते फार स्पष्ट वाचलं. दाजींनी पुन्हा वाचायला लावलं, आणि मग बटणाकडं हात नेला. थोडा जीव शिल्लक होता. उद्या लागलाच तर तो कामी येईल, हा त्यांचा हिशेब मलाही पटत होता. तेवढ्यात आईनं घागरीवरचा हात न काढता विचारलं, "आवं दाजी, हे बरम्यापातुर जातं का?"

दाजींनी तोंड उघडलं. ब्रह्मदेश किती लांब, आपली शक्ती किती, हे यंत्र डोंगरापलीकडं पोचलं तरी पुष्कळ, हे सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग माझ्या हातातलं टेलिफोनचं तोंड त्यांनी काढून घेतलं आणि तिच्यापुढं धरलं.

"बोला, आई," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. उद्याची बॅटरी, उद्याचा निरोप, सगळं मी त्यांना डोळ्यांनी सांगितलं. त्यांनी माझा हात बाजूला केला. आई पुढं झुकली, आणि एखादा हाकेच्या अंतरावर असावा तशी बोलली. "आरं म्हादू, आई बोलतीया. जेवलास का रं? म्हस व्याली, रेडी झाली. तुजा कागुद येत न्हाई. जिवाला जपून ऱ्हा बाबा." दिवा पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल झाला आणि विझला. बॅटरी संपली होती. दाजींनी मूर्खपणा केला असं मला वाटलं, आणि तसं मी त्यांना तोंडावर म्हणालेही. त्यांनी ऐकून घेतलं.

आमराईत त्या रात्री कुणी आलं नाही. पोलीस पहाटे चिखलात भिजून परत गेले. आम्ही वाचलो, सहाजण वाचले, माझ्या स्पष्ट उच्चारांनी वाचले, असं मी तीन वर्षं मानून चालले. वॉरंटं उठल्यावर हवालदारांचा धाकटा मुलगा सांगलीला दाजींच्या पाया पडायला आला, तेव्हा सुट्टीत मीही तिथं होते. तो खाली मान घालून बसला होता. त्यानं सांगितलं की माझं वाचणं त्यांनी चारही वेळा ऐकलं, आणि ऐकून ते निघायच्याच तयारीत होते. "शेहरातली कुनीतरी बाई वाचत हुती, कागदावर बगून," तो म्हणाला. "डाक्टर म्हनले, पोलिसांचा डाव हाय, आपल्याला पांगवत्यात. आमी वहाना घातल्या. आन मग आई बोलली. नाव थोरल्याचं घेतलं तिनं. पन आवाज आईचाच हुता. मी वहाना काढल्या."

झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या, त्या दाजींनी हातानं थांबवल्या. थोरला ब्रह्मदेशातून आलाच नाही. पलटणीचा कागद आला, त्यात फक्त नाव आणि नंबर होता. धाकट्यानं आईला कधी सांगितलं नाही की तिचं बोलणं त्याला ऐकू आलं होतं. आम्हालाही त्यानं तेवढंच मागितलं, की तिला सांगू नका, ते बोलणं थोरल्याचंच राहू द्या.

दाजी त्यानंतर दर दिवाळीला हवालदारांच्या वस्तीवर जात. सांगलीचे भडंग, हळद, आईला एक लुगडं. दोनदा मी बरोबर होते. जेवणं झाली की आई ओसरीवर बसायची, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हटकून विचारायची, "म्हादूनं ऐकलं असंल न्हवं, दाजी? शेवटाला?"

"ऐकलं असणार, आई," दाजी म्हणायचे. "त्या दिवशी सूर अगदी बरोबर लागला होता."

एवढंच म्हणायचे आणि थांबायचे. ती मान डोलवायची आणि उठून त्यांच्यासाठी पानाचं तबक आणायला आत जायची. परतीच्या बैलगाडीतून मसूरला उतरलो की दाजी आसाला हात न लावताच फलाटाकडं चालू लागत.